पॉम्पेई लाव्ह्याखाली गेलंच नव्हतं

पॉम्पेई म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं, डोंगर फुटला, लालभडक लाव्हा धावत खाली आला आणि लोक जेवताजेवता, झोपेतल्या झोपेत गाडले गेले. मलाही कित्येक वर्षं असंच वाटायचं. यात आपली फार चूक आहे असंही नाही, कारण आपण ज्या दगडावर राहतो तोच मुळात लाव्ह्याचा आहे, सह्याद्रीत कुठल्याही गडावर चढताना ते काळ्या कातळाचे एकावर एक रचल्यासारखे आडवे थर दिसतात ना, ते साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहत येऊन थिजलेल्या लाव्ह्याचे. त्यामुळे ज्वालामुखी म्हणजे लाव्हा हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण इसवी सन ७९ मध्ये पॉम्पेईच्या रस्त्यांवर लाव्हा आलाच नाही. आधी आकाशातून दगड पडले, तासन्‌तास पडले, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या राखेचा आणि वायूचा लोट आला. दोन वेगळी संकटं, आणि दोन्हींच्या मध्ये जवळपास १८ तास. हे १८ तास नीट समजले की मगच पॉम्पेई समजतं असं माझं मत आहे, म्हणून त्यावरच जास्त लिहितोय.

आधी गाव कसं होतं ते बघू. इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर नेपल्सचं आखात आहे, त्याच्या काठाला व्हेसुव्हियस डोंगर, आणि डोंगरापासून साधारण दहा किलोमीटरवर पॉम्पेई. राजधानी वगैरे नव्हे, आपल्याकडे एखादं बऱ्यापैकी पैसेवालं तालुक्याचं गाव असतं तसं, बाजारपेठ, मंदिरं, हमामखाने, दोन नाट्यगृहं, आणि सुमारे वीस हजार लोक बसतील एवढं मोठं गोलाकार मैदान जिथे ग्लॅडिएटरच्या झुंजी व्हायच्या. इसवी सन ५९ मध्ये याच मैदानात पॉम्पेईवाले आणि शेजारच्या नुकेरिया गावचे लोक यांच्यात इतकी मारामारी झाली की रोमने दहा वर्षांसाठी झुंजींवर बंदी घातली. गावची वस्ती किती याचे वेगवेगळे अंदाज आहेत, अकरा हजारांपासून वीस हजारांपर्यंत. तटबंदीच्या आतलं क्षेत्र ६६ हेक्टर.

आणि व्हेसुव्हियस? तो लोकांच्या लेखी फक्त एक हिरवागार डोंगर होता. उतारावर द्राक्षांचे मळे, त्या मातीतली वाईन नावाजलेली. स्ट्रॅबो नावाच्या एका भूगोलकाराने त्याच्या आधीच लिहून ठेवलेलं की माथ्यावरचे दगड जळल्यासारखे दिसतात, इथे पूर्वी आग असावी. पण कित्येक पिढ्यांत कुणी काही बघितलेलंच नव्हतं, त्यामुळे भीती वाटायचं कारणही नव्हतं. इसवी सन ६२ च्या सुमाराला मोठा भूकंप झाला, अर्धं गाव पडलं, आज आपण म्हणतो की तो डोंगर जागा होत असल्याचा इशारा होता, पण त्या लोकांनी भूकंपाला भूकंपच समजलं आणि घरं परत बांधायला घेतली. इसिस देवीचं मंदिर पडलं होतं ते एका सहा वर्षांच्या मुलाच्या नावाने परत बांधलं गेलं, दारावर तसा शिलालेखच आहे. बाप मुक्त झालेला गुलाम होता, त्याला स्वतःला नगरसभेत बसता येत नव्हतं, म्हणून त्याने खर्च मुलाच्या नावावर केला आणि मुलाला सभासदत्व मिळालं. १७ वर्षांनी डोंगर फुटला तेव्हाही गावात ठिकठिकाणी दुरुस्तीची कामं चालूच होती.

आता डोंगर फुटतो म्हणजे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण इथेच सगळी मेख आहे. पातळ आमटी उकळताना बघा, बुडबुडे येतात, वर येऊन फुटतात, वाफ निघून जाते, काही त्रास नाही. घट्ट पिठलं रटरटताना मात्र फट्‌ फट्‌ करून उडतं आणि हात भाजतो, कारण वाफेला सहज बाहेर पडता येत नाही, ती अडकते, दाब वाढतो आणि ती पिठलं घेऊनच बाहेर पडते. दख्खनचा लाव्हा आमटीसारखा होता, पातळ, तो भेगांमधून बाहेर येऊन लांबच लांब पसरला. व्हेसुव्हियसच्या पोटातला वितळलेला दगड पिठल्यासारखा, चिकट, आणि त्यात पाण्याची वाफ आणि इतर वायू ठासून भरलेले. खोल जमिनीखाली दाब इतका असतो की वायू दगडातच विरघळून राहतो, गोटी सोड्यात गॅस राहतो तसा. वरचं झाकण तुटलं आणि दाब सुटला की तो सगळा वायू एकदम फुगतो, चिकट दगडाचा अक्षरशः फेस होतो, फेस फुटून त्याचे तुकडे होतात आणि ते तोफेच्या गोळ्यासारखे सरळ वर जातात. हाच फेस हवेत थिजला की प्युमिस तयार होतो, टाचा घासायला आपण तो भोकाभोकांचा हलका दगड वापरतो ना, तोच. पाण्यावर तरंगतो इतका हलका.

त्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला व्हेसुव्हियसमधून अशा राख-दगडांचा खांब वर गेला, ३० किलोमीटरहून उंच, म्हणजे आपली विमानं उडतात त्याच्या तिप्पट. इतक्या उंचीवर वाऱ्याने तो आग्नेयेकडे ढकलला, आणि आग्नेयेला होतं पॉम्पेई. नशिबाचा भाग एवढाच. हर्क्युलेनियम नावाचं दुसरं गाव डोंगराला पॉम्पेईपेक्षा जवळ होतं, पण पश्चिमेला, म्हणून पहिल्या दिवशी तिथे राख जवळजवळ पडलीच नाही.

हे सगळं आपल्याला माहीत आहे ते एका सतरा वर्षांच्या मुलामुळे. आखाताच्या पलीकडे साधारण ३० किलोमीटरवर मिसेनम इथे रोमन आरमाराचा तळ होता, त्याचा प्रमुख थोरला प्लिनी, ज्याने ३७ खंडांचा निसर्गकोश लिहिला तो. त्याचा भाचा, धाकटा प्लिनी, आईबरोबर तिथेच राहत होता. ढग पहिल्यांदा त्याच्या आईने बघितला आणि भावाला दाखवला. भाच्याने पुढे लिहिलं की ढग पाइनच्या झाडासारखा दिसत होता, खाली सरळ बुंधा आणि वर फांद्या पसरलेल्या, इटलीतला पाइन छत्रीसारखा असतो, त्याचीच ही उपमा. पंचवीसेक वर्षांनी टॅसिटस या इतिहासकाराने मामाच्या मृत्यूबद्दल विचारलं तेव्हा त्याने दोन पत्रं लिहिली, आणि ती इतकी बारकाईने लिहिलेली आहेत की आजही ज्वालामुखीशास्त्रात अशा उद्रेकाला प्लिनियन उद्रेक म्हणतात.

मामा आधी निघाला होता कुतूहल म्हणून, एक लहान जहाज घेऊन. निघतानाच एका ओळखीच्या बाईची चिठ्ठी आली, डोंगराच्या पायथ्याशी अडकलेय, सोडवा. मग त्याने मोठी जहाजं काढली आणि ज्या बाजूने सगळे पळत होते त्याच बाजूला गेला. दगड पडत होते, किनाऱ्याला लागता येईना, सुकाणूवाला म्हणाला परत फिरू, तो फिरला नाही, स्टाबिये नावाच्या आखाताच्या काठावरच्याच गावी मित्राच्या घरी गेला. तिथे सगळे घाबरलेले, त्याने अंघोळ केली, जेवला, झोपला, घोरण्याचा आवाज दाराबाहेरच्यांना ऐकू येत होता असं भाच्याने लिहिलंय. पण रात्रीत अंगणात राख आणि दगड एवढे साचले की अजून थोडा वेळ गेला असता तर दार उघडलंच नसतं, म्हणून त्याला उठवलं. मग चर्चा, घरात थांबायचं की बाहेर जायचं? घर हादरतंय, बाहेर दगड पडतायत. शेवटी डोक्यावर उश्या बांधून सगळे बाहेर पडले. इतरत्र दिवस उजाडला होता, तिथे मात्र कुठल्याही रात्रीपेक्षा गडद काळोख. समुद्र खवळलेला. तो किनाऱ्यावर एका कापडावर आडवा झाला, थंड पाणी मागितलं, मग गंधकाचा वास आला, लोक पळायला लागले, दोन गुलामांच्या आधाराने तो उठला आणि तिथेच कोसळला.

उश्या बांधून बाहेर पडायचं की छपराखाली थांबायचं, हाच प्रश्न पॉम्पेईतल्या प्रत्येक घरात त्या दुपारी पडला असणार. आपण आज वाचताना सहज म्हणतो, पळायचं ना! पण त्यांच्या जागी उभं राहून बघा. डोंगर दहा किलोमीटर लांब. आकाशातून पडतंय ते हलकं आहे, सुरुवातीला तर पांढरट प्युमिस, मुरमुऱ्यासारखा हलका, मधूनमधून मात्र जड दगडही येतायत जे डोक्यात बसले तर माणूस जागीच जाईल. सूर्य दिसत नाही. घरात म्हातारी माणसं, लहान मुलं, कुणी गरोदर. एखाद्याचा मालक म्हणतो घर सोडायचं नाही, गुलामाला तर निवडच नाही. अशा वेळी छपराखाली थांबणं हा काही मूर्खपणाचा निर्णय नव्हता, पहिल्या तीनचार तासांपुरता तोच शहाणपणाचा वाटला असता.

अडचण अशी की प्युमिस थांबला नाही. तासाला साधारण १५ सेंटीमीटर थर साचत होता. संध्याकाळपर्यंत गुडघ्याच्या वर, आणि छपरांवर तर तेवढाच भार. लाकडी वाशांवर कौलं, ती किती पेलणार, एकेक छप्पर कोसळायला लागलं. उत्खननात जे सांगाडे सापडले त्यांचा थरानुसार अभ्यास झालाय, त्यातले सुमारे ३८ टक्के या प्युमिसच्या थरात सापडले, आणि त्यातले बहुतेक घरांच्या आत, म्हणजे छप्पर किंवा भिंत अंगावर पडून गेलेले. सकाळपर्यंत गावावर जवळजवळ पावणेतीन मीटर दगड साचला होता, तळमजल्याची दारं बंद.

पण एक गोष्ट विसरू नका, बहुतेक गाव तोवर निघून गेलेलं होतं. आजवर पॉम्पेईत हजार-बाराशेच्या आसपास माणसांचे अवशेष सापडलेत, गावाबाहेर वाटेत कितीतरी जण गेले असतील आणि तिसरा भाग खोदायचा बाकी आहे हे धरलं तरी बरेच लोक वाचले असणार. वाचलेले नेपल्स, कुमे, पुतेओली, ओस्तिया अशा गावांत जाऊन राहिले, तिथल्या शिलालेखांत पॉम्पेईकडची आडनावं अचानक दिसायला लागतात त्यावरून अभ्यासकांनी हे शोधून काढलंय. विस्थापितांचा हा माग मला पॉम्पेईतल्या मृतांच्या त्या प्लास्टरच्या पुतळ्यांपेक्षाही (त्यांच्याबद्दल पुढे सांगतो) जास्त हलवून जातो.

आता दुसरं संकट. हवेतला तो खांब उभा का राहतो? खालून जोर तर असतोच, पण वर जाताना तो आजूबाजूची हवा ओढून घेतो, ती तापते, फुगते, आणि सगळं मिश्रण हलकं होऊन तरंगत राहतं. रात्री मुखाची भेग रुंद झाली, माल जास्त यायला लागला, आणि एवढ्या मालाला पुरेल इतकी हवा मिसळेना. मग कारंज्याचं पाणी वर जाऊन परत खाली येतं तसा तो खांब कोसळला. कोसळलेला माल डोंगराच्या उतारावरून जमिनीला धरून धावत सुटतो, राख, वायू, दगड सगळं एकत्र, तापमान काही शे अंश, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. याला शास्त्रात पायरोक्लास्टिक प्रवाह म्हणतात, आपण लोट म्हणू. याच्यापुढे पळता येत नाही आणि छपराखाली लपूनही उपयोग नाही, कारण तो दारंखिडक्यांतून आत येतो.

पहिला लोट मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला हर्क्युलेनियमवर गेला. दिवसभर ज्या गावावर काही पडलं नव्हतं ते गाव पॉम्पेईच्या आधी संपलं. कितीतरी वर्षं तिथे मोजकेच सांगाडे सापडले होते, त्यामुळे जवळजवळ सगळे वाचले असं मानलं जायचं. मग १९८० नंतर जुन्या समुद्रकिनाऱ्यालगतच्या कमानीखालच्या खोल्या, जिथे होड्या ठेवायचे, त्या खोदल्या आणि आत दाटीवाटीने तीनशेच्या वर माणसं. होडीची वाट बघत थांबलेली. अंगावर दागिने, हातात घराच्या किल्ल्या. गावावर पुढच्या काही तासांत लोटांमागून लोट येऊन साधारण वीस मीटर जाड थर बसला आणि त्याचा दगड झाला.

पॉम्पेईकडे येणारे पहिले लोट उत्तरेच्या तटबंदीपर्यंत येऊन थांबले. गावात जे उरले होते त्यांना पहाटे कदाचित वाटलंही असेल की ओसरलं, कारण दगडांचा पाऊस मंदावला होता, काही लोक घरातून बाहेर पडून दोन अडीच मीटर उंच साचलेल्या प्युमिसवरून चालायला लागले. सकाळी साडेसातच्या आसपास जो लोट आला तो तटबंदी ओलांडून आला. आपण फोटोत जी माणसं बघतो, कुणी तोंडावर हात घेतलेलं, कुणी गुडघे पोटाशी घेतलेलं, ती जवळजवळ सगळी या सकाळची.

ती माणसं नाहीत पण, म्हणजे ते सुकलेले मृतदेह किंवा दगड झालेले देह नाहीत, हा दुसरा मोठा गैरसमज. बारीक राख देहाभोवती घट्ट बसली, पावसाने भिजून कडक झाली. आतला देह काळाच्या ओघात नाहीसा झाला, हाडं राहिली, आणि राखेत माणसाच्या आकाराची पोकळी उरली. शंभराहून जास्त वर्षं खोदकाम करणारे ही पोकळी फोडून हाडं काढत होते. १८६३ मध्ये ज्युझेप्पे फिओरेली या उत्खननप्रमुखाने सांगितलं की पोकळी लागली की थांबा, भोकातून पातळ प्लास्टर ओता, ते वाळलं की बाहेरची राख काढा. साच्यातून गणपती काढतात तसं. आणि बाहेर आलं ते माणूस, कपड्याच्या सुरकुत्यांसकट, चेहऱ्यासकट. हे फक्त राखेच्या थरात जमतं, खालच्या प्युमिसच्या थरात नाही, कारण सुट्या खड्यांमध्ये आकार टिकत नाही, देह गेला की खडे आत घसरतात. म्हणजे आदल्या दिवशी-रात्री प्युमिसच्या थरात मेलेल्या त्या ३८ टक्के लोकांचे पुतळे कधीच होणार नाहीत, आपल्या नजरेत पॉम्पेईचा मृत्यू म्हणजे फक्त दुसऱ्या सकाळचा मृत्यू झालाय.

काही पुतळ्यांच्या मुठी आवळलेल्या, हात पुढे घेतलेले, बघणाऱ्याला वाटतं शेवटपर्यंत झुंजत होता. ते उष्णतेने स्नायू आखडल्यामुळे होतं. आणि अशा ठिकाणी आपण फार पटकन गोष्ट रचतो. सोन्याच्या ब्रेसलेटचं घर म्हणून एक घर आहे, तिथे एका मोठ्या माणसाच्या अंगावर लहान मूल, हातात जडशीळ सोन्याचं कडं, सवयीने सगळे म्हणायचे आई आणि तिचं बाळ. २०२४ मध्ये प्लास्टरमधल्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ती व्यक्ती पुरुष निघाली आणि मुलाशी रक्ताचं नातं नव्हतं. मिठीतल्या दोन बहिणी किंवा मायलेकी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जोडीतही किमान एक पुरुष निघाला. मला यात त्या पुरुषाचं मोल उलट वाढल्यासारखं वाटतं, परक्याच्या मुलाला त्या वेळी कडेवर घेतलेला माणूस, कोण असेल तो.

शहर परत सापडलं कसं, तेही सरळ नाही. १५९० च्या दशकात डोमेनिको फोंटाना या वास्तुविशारदाने पाण्याचा कालवा काढताना तो चक्क गावाच्या पोटातूनच खणला, भिंती लागल्या, कोरीव लेख लागले, पण हे पॉम्पेई आहे असं कुणाच्या लक्षात आलं नाही. हर्क्युलेनियम १७०९ च्या सुमाराला विहीर खणताना सापडलं, कुदळ थेट नाट्यगृहावर लागली. १७३८ मध्ये नेपल्सच्या राजाने तिथे आणि १७४८ मध्ये पॉम्पेईला खोदकाम सुरू केलं, पण हेतू एकच, राजवाड्यासाठी पुतळे आणि चित्रं काढणं, भिंतीवरची चित्रं कापून न्यायची आणि भुयार परत बुजवायचं. पॉम्पेईला तर पहिली पंधरा वर्षं ते स्टाबिये समजूनच खोदत होते, १७६३ मध्ये गावाच्या नावाचा शिलालेख सापडला तेव्हा कळलं. शिस्त आली ती फिओरेलीच्या काळात, त्याने गाव विभागांत, विभाग चौकांत आणि चौक दारांच्या क्रमांकांत वाटला, तीच पत्त्याची पद्धत आजही चालू आहे. नंतर १९४३ मध्ये दुसऱ्या महायुद्धात याच अवशेषांवर दीडशेहून जास्त बॉम्ब पडले, ज्या गावाला डोंगराने जपलं त्याला आपण बॉम्बने फोडलं.

उद्रेकाची तारीख मात्र अजून वादात आहे. पुस्तकांत २४ ऑगस्ट असते, ती प्लिनीच्या पत्राच्या हस्तलिखितांवरून, जी शतकानुशतकं हाताने नकलून आपल्यापर्यंत आली. पण घरांमध्ये डाळिंबं सापडली, शेगड्या पेटवायच्या तयारीत होत्या, वाईनचे रांजण भरून बंद केलेले होते, हे सगळं शरद ऋतूतलं. २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली ओळ मिळाली, तारीख १७ ऑक्टोबरची. कोळशाचं लिखाण भिंतीवर वर्षभर टिकणं कठीण, म्हणून ते त्याच वर्षीचं मानतात आणि उद्रेक ऑक्टोबरच्या शेवटी धरतात. सगळ्यांना हे पटलेलं नाही.

गावात सापडलेल्या गोष्टींची यादी करायला बसलो तर संपायची नाही, पण दोनतीन सांगतोच. मोडेस्टसच्या बेकरीत भट्टीत ८१ पाव होते, जळून कोळसा झालेले, आकार जसाच्या तसा, वरून आठ फाके पाडलेले. रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड बसवलेत, त्यांच्यातलं अंतर बैलगाडीची चाकं जातील एवढंच, आणि चाकांनी घासून पडलेल्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. हौदाच्या तोटीपाशी दगडाची कड झिजलेली आहे, पाणी पिताना प्रत्येकजण एकाच जागी हात टेकवायचा त्याची ती झीज. भिंतींवर निवडणुकीचा प्रचार, अमक्याला निवडून द्या, आणि ग्लॅडिएटरच्या झुंजींच्या एका जाहिरातीत रंगवणाऱ्यानेच आपलं नाव टाकून लिहिलेलं की हे मी चांदण्यात एकट्याने रंगवलं.

हर्क्युलेनियमच्या एका बंगल्यात तर पुस्तकांचं घरच सापडलं, पपायरसच्या, म्हणजे एका पाणवनस्पतीपासून बनवलेल्या कागदाच्या, सुमारे १८०० गुंडाळ्या आणि तुकडे, पण कोळसा झालेल्या. उलगडायला जावं तर चुरा होतो. अठराव्या शतकात एका पाद्रीने रेशमी दोऱ्यांचं यंत्र बनवून त्या दिवसाला काही मिलिमीटर अशा उलगडल्या, तरी शेकडो तशाच बंद राहिल्या. आता त्या न उघडता एक्स-रेने स्कॅन करतात, आतले वेटोळे संगणकावर सपाट करतात आणि शाईचा माग मशीनला शिकवून शोधतात, कारण शाईही कोळशाची आणि कागदही कोळशाचा, डोळ्याला फरकच दिसत नाही. २०२३ मध्ये एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने पहिला शब्द वाचला, जांभळा रंग अशा अर्थाचा ग्रीक शब्द. पुढच्याच वर्षी तीन तरुणांनी मिळून दोन हजारांहून जास्त अक्षरं वाचून दाखवली, त्यात सुखाबद्दल चर्चा आहे, दुर्मीळ वस्तू जास्त आनंद देते का यावर. दोन हजार वर्षं बंद असलेलं पान.

पॉम्पेईचा साधारण एक तृतीयांश भाग आजही मुद्दाम खोदलेला नाही, उद्याच्या लोकांकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील म्हणून, आणि जे उघडं पडलंय तेच पाऊस, गवत, गर्दी यांपासून सांभाळणं जड जातंय म्हणूनही. डोंगरही संपलेला नाही. १६३१ मध्ये त्याने हजारो माणसं मारली, शेवटचा उद्रेक १९४४ चा, आणि आज सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात सहा लाखांहून जास्त लोक राहतात. १८४१ मध्ये त्याच्या उतारावर वेधशाळा उभी राहिली, आता तिचे शास्त्रज्ञ नेपल्समधून जमिनीची प्रत्येक हालचाल मोजत असतात, कारण हे लोट थोपवता येत नाहीत, आधी गाव रिकामं करणं एवढंच हातात आहे.

आता शेवटचं, आपल्या घरचं. १९३८ मध्ये पॉम्पेईच्या मुख्य रस्त्यावरच्या एका घरात हस्तिदंताची एक छोटी मूर्ती सापडली, साधारण वीतभर उंच, उभी स्त्री, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन लहान दासी. तिला पॉम्पेईची लक्ष्मी म्हणायला लागले, आता बहुतेक अभ्यासक यक्षी म्हणतात. ती भारतातली आहे यात शंका नाही. सातवाहनांच्या काळात आपल्याकडून सोपारा, कल्याण, भडोच अशा बंदरांतून रोमला माल जात होता, आणि गंमत बघा, भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, खेचून नेतो अशी तक्रार ज्याने लिहून ठेवलीय तो माणूस थोरला प्लिनीच, जो स्टाबियेच्या किनाऱ्यावर मेला. त्याच्या निसर्गकोशात ती तक्रार आहे, आणि तिचाच एक पुरावा त्याच डोंगराच्या राखेखाली.

मूर्ती नेमकी कुठे कोरली यावर वाद आहे. बुडाशी खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर आहे, खरोष्ठी वायव्येकडची, त्यामुळे काहीजण तिकडे बोट दाखवतात. पण तिच्याशी सगळ्यात जवळून जुळणाऱ्या हस्तिदंती मूर्ती दोन ठिकाणी मिळाल्यात, एक जालना जिल्ह्यातलं भोकरदन आणि दुसरं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, गोरोबाकाकांचं तेर, जे जुन्या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नावाने येतं आणि जिथला माल गाड्यांनी भडोचला जायचा असं तिथे लिहिलंय. पॉम्पेईची ती मूर्ती आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तेरची तेरलाच, लामतुरे संग्रहालयात. गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलात तर वाट वाकडी करून तिच्यासमोर पाच मिनिटं उभे राहा, केसांची ती गुंफण, कमरेचा तो पट्टा नीट बघा आणि मग फोनवर नेपल्सच्या मूर्तीचा फोटो उघडून शेजारी धरा.